बारक्याचं बिऱ्हाड

“तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं,” डोंबिवलीच्या बाई म्हणाल्या आणि पट्टी बांधलेला हात त्यांनी टेबलावर असा ठेवला, की समोर बसलेल्या संदेशला दुसरीकडे बघायची सोयच राहिली नाही.

संदेश कुत्र्यांच्या शेल्टरचा मॅनेजर. त्याने फाइल उघडून त्यांच्याकडे वळवली. “मॅडम, सगळं लिहिलंय इथं. घाबरट आहे, दोन वेळा चावलाय, वरून हात लावायचा नाही. खाली तुमचीच सही आहे.”

“लिहिलंय हो. पण वाचून कळतं का, की खरंच चावेल म्हणून?”

दाराशी उभ्या असलेल्या गुणाबाईला हे बोलणं पटलं. वाचून खरंच कळत नाही. तिने वाकून पिंजरा उचलला. प्लास्टिकच्या त्या पिंजऱ्यात साडेपाच किलोचा, विटकरी रंगाचा, एक कान उभा नि एक मोडका असा कुत्रा जाळीकडे पाठ करून, तोंड कोपऱ्यात खुपसून बसला होता. तिचा वास आला तसा त्याचा उभा कान तेवढा मागे वळला. तिसऱ्यांदा परत आला होता तो. पिंजरा घेऊन आवारातून चालताना गुणाबाईच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. बिचाऱ्याचं तिसरं घर सुटलं आणि आपल्याला बरं वाटतंय, याची तिला लाज वाटली. पण बरं वाटायचं काही थांबेना.

शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबईच्या एका ट्रस्टने सात वर्षांपूर्वी हे शेल्टर काढलं, तेव्हा गुणाबाई झाडलोटीला म्हणून लागली. कुत्र्यांची आवड वगैरे काही नव्हती. घरी शेतावर होता तो एक, भाकरीच्या तुकड्यावर जगणारा. त्याला कुणी नावही ठेवलं नव्हतं. इथे मात्र फार्महाऊसवाल्यांनी मागे ठेवून दिलेले, हायवेवर गाडीतून उतरवलेले, दोरी तोडून पळालेले असे सत्तर-ऐंशी कुत्रे, आणि एकेकाची वेगळी फाइल. तिचा नवरा धोंडी पहिली दोन वर्षं गावात सांगायचा, “आमची बायको नोकरीला हाय,” आणि कुठे ते सांगायचा नाही.

बारक्या हे नाव गुणाबाईनेच ठेवलेलं. आसनगावजवळ पुलाखाली तो सापडला तेव्हा गळ्यात वायर रुतली होती. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की झाडू दिसला की हा उभ्या जागी मुततो. तेव्हापासून त्याच्या खोलीपुरती ती झाडू नेत नसे. खाली बसून फडक्याने पुसून घेई. त्याने तिला कधी चाटलं नाही, कधी शेपूट हलवली नाही. ती पुसत असताना तो भिंतीला चिकटून बसे, इतकंच. आणि तिला ते पुरत असे.

डॉक्टर योगिनी दर मंगळवारी कल्याणहून यायच्या. त्यांनी एकदा सांगितलं होतं, “गुरगुरणं ही कुत्र्याची सूचना असते, गुणाबाई. जवळ येऊ नको, एवढंच सांगत असतो तो. याला कधीतरी गुरगुरल्यावरून इतकं मारलंय, की याने सांगायचंच सोडून दिलं. म्हणून हा सरळ चावतो.” गुणाबाईला तेव्हा आपली धाकटी नणंद आठवली होती. 

डोंबिवलीच्या बाईंची गाडी गेल्यावर संदेश बारक्याच्या खोलीपाशी आला. “काकू, आता अवघड आहे. तीनदा परत आलेला कुत्रा ट्रस्टवाले पुन्हा देऊ देत नाहीत. महिनाअखेरीस मीटिंगमध्ये याचं ठरेल. तोवर कुणी मिळालं तर ठीक, नाहीतर मागच्या रांगेत.”

मागच्या रांगेत आंधळे, म्हातारे, लंगडे असे अकरा कुत्रे होते. तिथे कुणाचे हाल नव्हते. खाणं वेळेवर, औषध वेळेवर. फक्त तिथून कुणी कुठे जात नसे, आणि बघायला येणाऱ्या माणसांना तिकडे कुणी नेत नसे.

“तितं माझ्याच हाती राहील ना तो?” गुणाबाईने विचारलं.

“राहील की.”

मग आपल्याला वाईट का वाटतंय, हेही तिला कळेना. मघाशी बरं वाटत होतं, आता वाईट. कुत्रा तोच, खोली तीच.

पौषातली म्हसा गावची जत्रा उठून आठ-दहा दिवस झाले असतील. एक म्हातारी फाटकातून सरळ आत आली. काटक शरीर, नऊवारी लुगडं, काखेत पिशवी. शहापूरला मुलाकडे जाताना जीपमधून तिला बोर्डावरचं कुत्र्याचं चित्र दिसलं आणि ती इथेच उतरली होती. सकुबाई तिचं नाव. मुरबाडच्या पलीकडे, म्हशाच्याही पुढे एका वाडीत ती एकटी राहत होती.

“कुत्रं देता ना तुमी?” तिने मोठ्याने विचारलं. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात, तसं.

संदेशने तिला आधार कार्ड, ऑनलाइन फॉर्म, घराला कंपाउंड आहे का, असं काय काय विचारलं. तिने त्याचं तोंड हलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग गुणाबाईकडे वळून म्हणाली, “काय म्हनतो गो हा?”

“बघून घ्या म्हनतात,” गुणाबाईने सांगून टाकलं.

सकुबाई खोल्यांवरून चालत गेली. कुत्रे जाळ्यांवर उड्या मारत होते, भुंकत होते. तिला त्यातलं किती पोचत होतं कोण जाणे. बारक्याच्या खोलीपाशी ती थांबली. तो पाठ करून बसलेला.

“हा का नाय वराडत?”

“तो तसाच हाय, आजी. चावतो तो.”

“कुनाला?”

“हात लावला का चावतो.”

“मंग हात कशाला लावायचा?” सकुबाई म्हणाली.

गुणाबाई तिच्याकडे बघतच राहिली. सात वर्षांत इथे जी माणसं आली, ती सगळी हात लावायलाच आलेली होती. काही लपवायला नको म्हणून ती पुढे म्हणाली, “आनि गुरगुरत पन नाय. न सांगता चावतो.”

“गुरगुरला तरी मला कुटं ऐकू येतंय,” म्हातारी म्हणाली, आणि तिथेच भिंतीला टेकून, लुगडं सावरून खाली बसली. कुत्र्याकडे न बघता तिने पिशवीतून भाकरी काढली नि खाऊ लागली. बारक्या वळला नाही. पण त्याचा उभा कान मागे आला.

संदेशने बरंच डोकं खाजवलं. शेवटी तो म्हणाला, “काकू, तुम्हाला तो भाग ठाऊक आहे. घर बघून या. हा फॉर्म घ्या. ठीक वाटलं तर टिक करा, नाहीतर राहू दे.”

रविवारी गुणाबाई सरळगाव, मुरबाड, म्हसा अशा तीन गाड्या बदलून वाडीवर पोचली. घर वाडीच्या टोकाला, त्यापुढे माळ आणि मग जंगल. शेणाने सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती, अंगणात सहा कोंबड्या. ओट्याच्या खांबाला साखळी गुंडाळलेली होती.

“ही कुनाची?”

“होता एक वरीसभर. मागच्या पावसात बिबट्यानं नेला. ओट्यावरनंच.”

गुणाबाईने फॉर्म उघडला. बाल्कनीला जाळी आहे का? लिफ्टमध्ये इतर पाळीव प्राणी असतात का? कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील? बिबट्याचा रकाना कुठेच नव्हता.

“आजी, साखळीला बांधायचा नाय हां. नियम हाय.”

“बांधू कशाला? ह्यो घरात राहील. तो बाहेर झोपायचा म्हनून गेला.”

“कोंबड्यांवर गेला तर?”

“मंग कोंबड्या शिकतील.”

एक प्रश्न होता, तुम्हाला कुत्रा का हवा आहे? गुणाबाईने तो दोनदा मोठ्याने विचारला. सकुबाईने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. 

“सून चांगली हाय माझी. पोरगा पन चांगला. तिकडं ये म्हनतात. जीव नाय लागत मला तितं. इतं दिवसभर कोन नसतं. कोंबड्यांशी बोलावं, तर मंग त्या कापवत नाय.”

याचं उत्तर फॉर्ममध्ये कसं लिहायचं, ते गुणाबाईला सुचलं नाही. नियमाने बघायचं तर हे घर नापास होतं. नियमाने पास झालेली तीन घरं तिला माहीत होती. पहिल्यात बाथरूममध्ये कोंडलेला, दुसऱ्यात पोरांनी शेपूट ओढलेली, तिसऱ्यातल्या बाई तर चांगल्याच होत्या. कुणाला विचारावं?

रात्री जेवताना तिने धोंडीला विचारलं. तो म्हणाला, “बिबट्याच्या तोंडाशी नेऊन ठेवतेस नि मला इचारतेस?” आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “पन तितं निदान त्याला दार उघडं दिसंल.”

सकाळी तिने सगळ्या रकान्यांत टिक केलं. बाल्कनीच्या जाळीलासुद्धा. आणि खाली आपली सही केली.

बारक्याला सोडून आली त्या दिवशी तो पिंजऱ्यातून सुटला तो थेट भाताच्या कणगीमागे गेला. “राहू दे,” सकुबाई म्हणाली. “सनावारी येईल भायेर.” गुणाबाईने त्याची ताटली, औषधं, लसीचं कार्ड सगळं समजावून दिलं आणि परतीच्या जीपमध्ये बसल्यावर तिला आठवलं, की आपण त्याचा निरोपच घेतला नाही. कुत्र्याचा निरोप घ्यायचा कसा, हे तरी कुणाला ठाऊक होतं?

महिनाभर ती दर रविवारी जात राहिली. ट्रस्टला पाहणीचा अहवाल लागायचा, असं ती घरी सांगे. तो महिन्यातून एकदाच लागायचा. पहिल्या दोन रविवारी बारक्या कणगीमागेच होता. तिसऱ्या रविवारी ताटली ओट्याजवळ सरकली होती. सकुबाई त्याला हाक मारत नव्हती, जवळ घेत नव्हती. ती आपली भांडी घाशी, गवऱ्या थापी, आणि आपल्याच चढ्या आवाजात बोलत राही. कोंबड्यांशी, चुलीशी, मेलेल्या नवऱ्याशी. आता त्यात कुत्र्याचीही भर पडली होती.

चौथ्या रविवारी गुणाबाईने नेहमीप्रमाणे चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला. सकुबाई पाठमोरी बसून लसूण सोलत होती. तिच्या पायाशी बारक्या होता. त्याने मान वर केली आणि त्याच्या घशातून एक बारीक, खरखरीत आवाज आला. आधी वाटलं, उचकी लागली असेल. मग तो पुन्हा आला.

गुणाबाईचा पाय तिथेच थांबला.

“आजी,” ती म्हणाली. सकुबाईला ऐकू गेलं नाही. “आजी, हा गुरगुरला.”

सकुबाई वळली. “आलीस? ये ना आत. अशी दारात काय?”

“नको म्हनतोय तो.”

गुणाबाई मागे सरून ओट्यावर बसली. डॉक्टर योगिनी मॅडमना हे सांगायला हवं, त्या किती खूश होतील, असं तिला वाटलं. पुलाखालून आणल्यापासून त्याने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं होतं, जवळ येऊ नको. आणि ते सांगितलं होतं तिला. जिने दीड वर्ष त्याच्यासाठी झाडू हातात धरला नाही, तिला. तिने पदराने तोंड पुसलं. आनंद झालाय की अपमान, तिचं तिलाच उमगत नव्हतं. सकुबाईने आतून चहा आणून दिला आणि म्हणाली, “ऊन लागलं काय गो तुला?”

त्यानंतर तिने जाणं कमी केलं.

मे महिन्यात एके दिवशी सकाळीच शेल्टरचा फोन वाजला. सकुबाईचा मुलगा जीवन बोलत होता. तो शहापूरला एका गोदामात सुपरवायझर होता. कुत्रा आपल्याला चावलाय, आत्ताच्या आत्ता घेऊन जा, नाहीतर मी काय करीन सांगता येत नाही, असं तो म्हणाला. संदेशने फोन ठेवला आणि पिंजरा गुणाबाईपुढे केला. “घेऊन या, काकू. आता माझ्या हातात काही नाही.”

ती पोचली तेव्हा जीवन ओट्यावर पाय लांब करून बसला होता. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. घोट्याच्या वर दातांच्या खुणा आणि त्यावर हळदीचा लेप. आत दारापाशी सकुबाई बसली होती नि तिच्या मागे बारक्या. 

गुणाबाईने पिंजरा अंगणात ठेवला. “धुतलं काय?”

“हळद लावली.”

“हळद नाय चालत. उठा, हितं दगडावर या.”

तिने घरातून कपड्याचा साबण मागून घेतला, हंडा आणला आणि तांब्याने त्याच्या पायावर पाण्याची धार धरली. हळद निघून गेली. ती फेस करून जखम धुवू लागली. “पंदरा मिनिटं धुवायला लागतं. मंग मुरबाडला सरकारी दवाखान्यात जायचं, आजच्या आज. याला लस दिलेली हाय, कार्ड आजींकडं हाय. पन तुमी इंजेक्शन घ्यायचंच. सगळी घ्यायची, मधेच सोडायची नाय.”

जीवनने पाय धारेखाली तसाच धरला. या बाईचा हात इतका सरावाचा होता, की त्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला समजेना.

“कसा चावला?” तिने धार न थांबवता विचारलं.

“मी आईला न्यायला आलो. पावसाच्या आधी. ती उठंना. मी हात धरला तिचा.”

“वडला,” आतून सकुबाई म्हणाली. हे मात्र तिला बरोबर ऐकू आलं होतं, किंवा तिने ते तोंडावरून ओळखलं असावं.

“ओढला,” जीवन म्हणाला. “हो, ओढला. काय करू मग? दोन वर्सांमागं ती ह्याच अंगणात पडली, सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात पडून होती. कोन नव्हतं उचलायला. मला फोन आला तो संध्याकाळी. तेव्हापासून फोन वाजला का हातातलं काम टाकून धावतो मी.” त्याचा आवाज खाली आला. “तुमी सांगा मावशी, मी चुकीचं बोलतो काय?”

“नाय. तुमी चुकीचं नाय.”

“मग आई चुकते?”

गुणाबाईने दाराकडे पाहिलं. म्हातारी भिंतीला टेकून ताठ बसली होती. “नाय,” गुणाबाई म्हणाली.

“मग कुत्रा तर चुकलाच ना.”

“चावायच्या आधी गुरगुरला काय तो?”

जीवनने आठवून पाहिलं. “आवाज केला होता कायतरी. मी लक्ष नाय दिलं.”

“मंग त्यानं सांगितलं होतं,” गुणाबाई म्हणाली. मग तिला वाटलं, हे बोलणं बरोबर नाही, माणसाच्या पायातून रक्त आलंय. “मला नाय कळत, दादा. सात वर्सं झाली, अजून नाय कळत. आदी वाटायचं, कोनीतरी चुकतं म्हनून चावतं. आता तसं पन नाय वाटत.”

तिने आणखी एक तांब्या ओतला. पाणी दगडावरून अंगणात गेलं, तशा दोन कोंबड्या लगबगीने तिथे आल्या. जीवन आपल्या पायाकडे बघत राहिला.

“दोन वर्सांमागं हा असता, तर भुंकून लोकांना तरी बोलावलं असतं,” तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

कुत्र्याच्या बाजूने चाललेलं हे एकच बोलणं होतं. गुणाबाईने ते चालू दिलं असतं तर बिघडलं नसतं. पण तिला ते जमलं नाही. “हा भुंकत नाय,” ती म्हणाली. “खोटं कशाला सांगू? हा गुरगुरतो फकस्त, आनि ते पन हितं येऊनच शिकला.”

जीवन पहिल्यांदाच किंचित हसला. त्याने आत पाहिलं. सकुबाईने हात जमिनीवर सोडला होता आणि बारक्याने हनुवटी तिच्या हातावर नाही, हातापासून बोटभर अंतरावर टेकवली होती.

जीवनने फडक्याने पाय पुसला. मग त्याने पँट खाली केली. “या पावसापुरता राहू दे. दिवाळीला बघू. मी आता दर रविवारी येईन. बाहेरनं आवाज देऊन मगच आत येईन.” मग त्याच्या लक्षात आलं. “आवाज देऊन काय उपयोग? आईला ऐकू येत नाय.”

“त्याला येतं,” गुणाबाई म्हणाली.

जीवन दवाखान्यात जायला निघाला. निघताना तो आईपाशी दारात थांबला, वाकला नाही, हात धरला नाही; नुसता म्हणाला, “येतो.” सकुबाईने मान हलवली.

गुणाबाईने ओट्यावरून संदेशला फोन लावला. “चावला, सर. धुतलंय. इंजेक्शनला पाठवलंय. त्यांची तक्रार नाय आता. कुत्रा आनत नाय मी.”

“काकू, ट्रस्टला काय सांगू? चार वेळा चावलेला कुत्रा आपण बाहेर ठेवला असं लिहू?”

“लिवा.”

“तुमच्या सहीवर दिलाय तो. तुमच्यावर येईल.”

“येऊ दे. माझीच सही हाय ना,” ती म्हणाली. “पुढं काय झालं तर काय, ते मला नाय सांगता येत. पन आज नाय आनत.”

तिने पिंजरा उचलला. दारातून ती म्हणाली, “जाते रे.” बारक्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटून घेतले.

म्हशाहून मुरबाडची जीप भरलेली होती. गुणाबाईला मागच्या बाकावर जागा मिळाली. पिंजरा तिने मांडीवर घेतला. शेजारी करवंदांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. पाटी ठेवायला तिला जागा नव्हती.

“रिकामाच हाय ना गो तो?” तिने विचारलं. “वर ठेवू?”

“ठेव. रिकामाच हाय.”

त्या बाईने पाटी पिंजऱ्यावर ठेवली आणि मूठभर करवंदं काढून गुणाबाईच्या ओंजळीत घातली. जीप हलली. गुणाबाईने करवंदं पदरात बांधली, आणि वळणावर पाटी कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी पिंजरा घट्ट धरून ती बसून राहिली.